प्रवेशअर्जातले प्रश्न आले कुठून?

आपल्याकडची मुलं बारावीनंतर अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्ज करायला बसतात तेव्हा घरातले सगळेच जरा बुचकळ्यात पडतात. गुण विचारले, ठीक आहे. पण निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, खेळ, छंद, समाजकार्य हे कशासाठी? आपल्याला सवय आहे ती गुणवत्ता यादीची. यादीत नाव लागलं की प्रवेश. मग तिथली पद्धत अशी का झाली? हार्वर्डच्या इतिहासावरून आज आपण हे पाहू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्येही हिशेब सोपा होता. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालात की आत. जागा मोजून ठेवलेल्या नव्हत्या. याचा फायदा घेतला तो पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या हुशार मुलांनी. 1900 च्या सुमारास त्यांचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं, ते 1922 पर्यंत एकवीस टक्क्यांवर गेलं.

त्या वेळचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांना हे खटकलं. ज्यू विद्यार्थ्यांवर उघड मर्यादा घालावी, असं त्यांनी 1922 साली सुचवलं. त्यावर मोठा गदारोळ झाला, समिती नेमली गेली आणि 1923 मध्ये समितीने ती कल्पना नाकारली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण दरम्यान अर्जाचा नमुना बदलला होता. वंश आणि वर्ण, धर्म, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचं जन्मस्थान, एवढंच काय, जन्मानंतर कुटुंबाने नाव बदललंय का, हेही त्यात विचारू लागले. 1926 मध्ये पहिल्या वर्षाच्या जागा हजारापर्यंत सीमित केल्या, छायाचित्र मागितलं आणि ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन दिलं. 1925 मध्ये पाव हिश्शाच्या वर गेलेलं ज्यूंचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरलं. कोटा हा शब्द कुठेही न लिहिता काम झालं.

आता गंमत बघा. हीच पद्धत पुढे उलट्या कामासाठी वापरली गेली. 1978 च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डच्या पद्धतीचाच दाखला दिला. राखीव जागा नकोत, पण इतर अनेक बाबींबरोबर वंशाचाही विचार करता येईल, असं त्यांचं म्हणणं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी दार उघडं ठेवायला याचा उपयोग झाला. पुढे आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या बाजूने तक्रार आली की व्यक्तिमत्त्वाच्या गुणांकनात त्यांना सरासरीने कमी लेखलं जातं. हार्वर्डने भेदभावाचा आरोप नाकारला आणि 2019 मध्ये खालच्या न्यायालयाने तो मान्यही केला नाही. 2023 मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशपद्धतीच बेकायदा ठरवली. तरीही वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतात, अशी वाट निकालात आहे.

यावरून ‘म्हणजे आपली गुणांची यादीच बरी’ असं म्हणायचा मोह होतो. जरा थांबू या. एखाद्या पद्धतीचा उगम वाईट, म्हणून ती पद्धत वाईट, हा तर्कदोष आहे. शिवाय गुण तरी कशाचे असतात? लातूर किंवा कोट्याला राहून शिकवणीची फी भरू शकणारा मुलगा आणि शाळेतून आल्यावर शेतात राबणारी मुलगी एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात. यादी ते पाहत नाही. माणूस पाहू शकतो. लोवेलच्या काळी मात्र पाहणाऱ्या माणसाने काय पाहिलं, तेही आपण आत्ताच ऐकलं.

तेव्हा कोणत्याही प्रवेशपद्धतीला आपण दोन प्रश्न विचारावेत. ज्याला नाकारलं त्याला खरं कारण तोंडावर सांगता येईल का? आणि निवडणाऱ्यांचा हिशेब बाहेरचं कुणी तपासू शकतं का? 1923 मध्ये समितीने उघड मर्यादा नाकारली, कारण ती सर्वांसमोर मांडली गेली होती. 1926 नंतरची मर्यादा टिकली, कारण ती ‘व्यक्तिमत्त्व’ या शब्दाआड होती.