लावा: रानातला आणि पिंजऱ्यातला

बऱ्याच दिवसांपासून लाव्यांवर लिहायचं डोक्यात होतं. निमित्त झालं ते माझ्या मामेभावाच्या एका प्रश्नाचं. तो ब्रह्मपुरीकडे राहतो. थोडी धानाची शेती आहे, घराला लागून रिकामी पडवी आहे आणि तिथे त्याला पंचवीसेक लावे पाळायचे आहेत. पिलं कुठून आणायची याची चर्चा चालू असताना तो सहज म्हणाला, "काहून गा दादा, रानातलेच धरून आणले तं नाही चालत का? बांधावर तं कितीतरी असतात."

नाही चालत. कायद्याने तो गुन्हा आहे. पण एवढं सांगून त्याचं समाधान होण्यासारखं नव्हतं. एक लावा धरला तर गुन्हा आणि दुसरा लावा विकायला सरकारी संस्थाच पिलं देते, हे काय गौडबंगाल आहे? म्हणून जरा मागे जाऊन वाचायला लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. इतिहास म्हणून वाचा, आणि लावे पाळायचा विचार असेल तर पूर्वतयारी म्हणूनही चालेल.

पहिली गोष्ट म्हणजे 'लावा' हा एक पक्षी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाकडेला फिरताना पायाजवळून एकदम भुर्रर्र करून सात-आठ पक्षी चहूकडे उधळतात आणि आपण दचकतो, ते बहुधा झुडपातले रानलावे असतात. थव्याने राहणारे, इथलेच. पावसाळ्यात गवत वाढलं की वेगळ्या आवाजाचा पावसाळी लावा बोलू लागतो. हिवाळ्यात उत्तरेकडून स्थलांतर करून येणारा लावा निराळा. आणि दिसायला हुबेहूब लावा, पण पायाला मागचं बोटच नाही, असा एक पक्षी आहे. पक्षिशास्त्रात तो लाव्यांच्या कुळात बसतच नाही. त्याची मादी नरापेक्षा मोठी आणि रंगाने उठावदार असते, आणि अंडी उबवायचं काम नराकडे! विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आपल्या 'पक्षिकोशा'त अशा पक्ष्यांच्या मराठी नावांचा केवढा तरी पसारा जमवला आहे. तो चाळला की लक्षात येतं, आपण शहरी लोक ज्याला एका नावात गुंडाळतो त्याला रानातल्या माणसांकडे वेगवेगळी नावं आहेत.

आपल्याकडे या पक्ष्याची ओळख फार जुनी. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी लांडग्याच्या तोंडातून 'वर्तिका' सोडवली असा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. वर्तिका म्हणजे लाव्याच्याच जातीची पाखरी. हिंदीतला 'बटेर' याच वर्तक शब्दाच्या घराण्यातला, आणि आपला 'लावा' संस्कृत 'लाव'वरून आला. आयुर्वेदाच्या संहितांत लाव्याचं मांस पचायला हलकं म्हणून सांगितलंय. लहानपणी आपण सगळ्यांनी जाळ्यासकट उडून जाणाऱ्या कबुतरांची गोष्ट ऐकली आहे. जातककथांमध्ये तीच गोष्ट लाव्यांची आहे. एकी आहे तोवर जाळं उचलून नेतात, भांडायला लागले की पारध्याच्या हाती सापडतात.

आता पारधी. विदर्भातले फासेपारधी ज्या फाशांवरून ओळखले जातात, ते फासे तितर आणि लावे धरायचेच. पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढायचा, त्याच्या वाटेवर फाशांची रांग मांडायची आणि बसून राहायचं. पकडलेले पक्षी बाजारात विकून पोट भरायचं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्या यादीत पुढे पारधीही आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे माणूस कागदोपत्री गुन्हेगार राहिला नाही. आणि मग वीस वर्षांनी त्याचा धंदा गुन्हा व्हायला सुरुवात झाली.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा सुरुवातीला लाव्यासारख्या लहान शिकारीसाठी परवाना मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली आणि देशी रानपक्ष्यांचा व्यापारही थांबला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली, हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. पण त्याच कायद्यात एक गोष्ट स्पष्ट वगळली आहे: शिकार करण्याचा किंवा फासे लावून प्राणी-पक्षी धरण्याचा पारंपरिक हक्क. बांबू मिळाला, तेंदूपत्ता मिळाला, लावा नाही मिळाला. पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच झालं असं मला वाटतं. पण ज्याच्या हातातून फासा काढून घेतला त्याला बदल्यात काय दिलं, हा प्रश्न उरतोच.

याचं एक उत्तर जपानमार्गे आलं, म्हणून आता जरा तिकडे जाऊ.

जपानी लोकांनी लावा आधी खाण्यासाठी नव्हे, तर गाण्यासाठी पाळला. नराची हाक ऐकायची, कोणाचा पक्षी चांगला बोलतो याच्या स्पर्धा लावायच्या, हा सरदारांचा शौक. अंड्यांसाठी निवड करून पैदास सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. दुसऱ्या महायुद्धात हे बहुतेक सगळे कळप संपले. युद्धानंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांतून पुन्हा पैदास उभी राहिली. लहान जागा, कमी खाद्य आणि झटपट पिढ्या यामुळे पुढे हा पक्षी जगभरच्या प्रयोगशाळांत शिरला. इतका की २२ मार्च १९९० रोजी 'मीर' अंतराळस्थानकावर अंड्यातून बाहेर आलेला, अंतराळात जन्मलेला पहिला पक्षी हा लावाच होता.

भारतात हा जपानी लावा १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आला, तो बरेलीजवळच्या इज्जतनगरला. तिथेच १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली आणि तिने यावर पुष्कळ काम केलं. तारखा नीट बघा. १९७२ ला रानातल्या लाव्यावर कायद्याचा हात पडला, १९७४ ला पिंजऱ्यातला लावा देशात आला.

पण गोंधळ व्हायचा तो झालाच. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत लावे होते आणि जपानी लावाही शेवटी लावाच. त्यामुळे ही पैदास करायला वनखात्याचा परवाना लागायचा. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नवे परवाने देऊ नका असं सांगितलं. भीती खोटी नव्हती. फार्मच्या पावतीआड रानातले लावे विकले गेले तर हॉटेलच्या ताटात ते कोण ओळखणार? पण कर्ज काढून शेड बांधलेल्यांचं काय? शेवटी २०१३ मध्ये जपानी लाव्याला या बंधनातून मोकळं करण्यात आलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्याने झालेला हा बग होता, आणि तो सुटायला दोन वर्षं लागली.

आता मामेभावाच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर, कायद्यापलीकडचं. रानलावा धरून आणला तरी त्याचा उपयोग नाही. तो विणीच्या काळात पाच-सहा, फार तर आठेक अंडी घालतो. तीही मनासारखी जागा मिळाली तर. पिंजऱ्यात घाबरून वर उसळ्या मारतो आणि डोकं फोडून घेतो. उलट जपानी लावी सहा-सात आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देऊ शकते. पण या बदल्यात तिने एक गोष्ट गमावली. ती खुडूक होत नाही. इतक्या पिढ्या माणसाने अंडी उचलून मशीनमध्ये ठेवली की अंड्यांवर बसायचं तिचं अंगच गेलं. म्हणजे हा पक्षी पाळायचा तर आईचं काम तुम्हाला करावं लागतं. नवशिक्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं, बाकी सगळं त्यातूनच येतं.

अंडी उबवायला १७-१८ दिवस लागतात. मशीन नसेल तर गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात, पण ती वजनाने हलकी बघावी, नाहीतर अंडी फुटतात. पहिल्या खेपेला उबवायच्या भानगडीत पडू नये, पिलंच आणावीत. पिलू जन्मतः सात-आठ ग्रॅमचं, अंगठ्याएवढं. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ ते ३७ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. पिलं बल्बखाली गर्दी करत असतील तर थंडी वाजतेय, लांब पळत असतील तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा हे खरं. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकायचे, कारण ही पिलं बोटभर पाण्यातही बुडून मरतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. गोणपाट किंवा खरबरीत कागद बरा.

तीन आठवड्यांनी नर-मादी ओळखू येतात: नराची छाती विटकरी, मादीची ठिपकेदार. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरे, आणि खायची अंडी हवी असतील तर नर नसला तरी चालतं. पंचवीस पक्ष्यांना दोन बाय चार फुटांचा पिंजरा ऐसपैस होतो. उंची दहा-बारा इंचच ठेवावी आणि वर आतून गोणपाट ताणावं, म्हणजे उडी मारली तरी डोकं फुटत नाही. जाळी इतकी बारीक हवी की उंदीर आत येणार नाही. मुंगूस, साप आणि मांजर हे आपल्या भागात गृहीतच धरायचे. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्याही येत नाहीत.

अंड्यांसाठी दिवसाला सोळा तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेराचा, म्हणजे बाराही महिने थोडा वेळ दिवा लावावा लागतो. आणि खरी परीक्षा उन्हाळ्याची. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. पिलाच्या पहिल्या आठवड्याच्या उबेपेक्षाही हे जास्त! तेव्हा बल्ब बंद, ओली पोती, कौलावर तणस, सावलीत गार पाणी. नव्या माणसाने पहिली खेप दिवाळीनंतर सुरू करावी, एप्रिलमध्ये अजिबात नको. आणखी एक, कोंबड्यांपासून लांब ठेवावेत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा केवढ्या कोंबड्या माराव्या लागल्या ते आठवत असेल. रोग एका खुराड्यातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही.

आता हिशोब, कारण 'घरबसल्या लाखो' छापाच्या जाहिराती मीही पाहिल्या आहेत. वीस माद्या आणि पाच नर. प्रत्येकी २५ ग्रॅम खाद्य म्हणजे रोज ६२५ ग्रॅम, महिन्याला १९ किलोच्या आसपास. कोंबडीच्या अंड्यावरच्या खाद्यात प्रथिनं कमी पडतात, त्यामुळे ब्रॉयलरचं स्टार्टर घ्यावं लागतं. वीसपैकी सोळा माद्यांनी अंडी दिली, दहा ग्रॅमचं एक, तर रोज १६० ग्रॅम. म्हणजे कोंबडीची तीन अंडी! घरातल्या पोरांना खाऊ घालायला उत्तम. धंदा करायचा तर गिऱ्हाईक आधी शोधावं, पक्षी नंतर आणावेत.

आणि एक पथ्य. कंटाळा आला म्हणून पिंजरा उघडून पक्षी रानात सोडू नयेत. जपानी लावा आणि हिवाळ्यात येणारा आपला लावा इतके जवळचे नातेवाईक आहेत की त्यांची एकमेकांत पैदास होते. खुडूक व्हायचं विसरलेल्या पक्ष्याचं रक्त रानात मिसळून कोणाचंच भलं होणार नाही.

शेवटी परत बांधावर येऊ. लावा घनदाट अरण्यातला पक्षी नाही. त्याला लागतं गवत, काटेरी झुडपं, पडीक जमीन. पूर्व विदर्भात महसुली कागदांवर याला 'झुडपी जंगल' म्हणतात, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. ती जंगल की जंगल नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जंगलच समजायची असा निकाल दिला. त्या जमिनीवर घरं असलेल्या, शेती करणाऱ्या माणसांचे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत आणि ते सोपे नाहीत. पण वाघ नसलेल्या, पर्यटक न येणाऱ्या या जागेचं कोणीतरी नाव घेतलं, हे लाव्याच्या दृष्टीने मोठंच म्हणायचं.

तेव्हा पाळायचे असतील तर जरूर पाळा. पिलं सरकारी केंद्रातून किंवा नोंदणी असलेल्या हॅचरीतून घ्या आणि पावती मागा, जपून ठेवा. आठवडी बाजारात कोणी पिशवीतून 'गावरान लावे' दाखवले, तर ते स्वस्त असले तरी घेऊ नका. गावरान लावा पिंजऱ्यात पैदा होत नाही, तो कुठल्यातरी बांधावरूनच आलेला असतो.