अमेरिकेतील प्रादेशिक विमान कर्मचाऱ्यांचे प्रारंभिक वेतन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रादेशिक विमानकंपन्यांत नव्याने रुजू होणाऱ्या सहवैमानिकांना व केबिन कर्मचाऱ्यांना मिळणारे अल्प वेतन हा तेथील विमानवाहतूक क्षेत्रात दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ झालेल्या विमान अपघातानंतर हा प्रश्न केवळ कामगारांचा न राहता प्रवाशांच्या सुरक्षिततेशीही जोडला गेला. त्यानंतरच्या काळात वैमानिकांच्या प्रारंभिक वेतनात मोठी वाढ झाली. केबिन कर्मचाऱ्यांच्या वाट्याला मात्र तिचा थोडाच भाग आला.

पार्श्वभूमी

१९७८ मध्ये अमेरिकेतील विमानभाडी व मार्ग सरकारी नियंत्रणातून मुक्त करण्यात आले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लहान शहरांकडील उड्डाणे टप्प्याटप्प्याने प्रादेशिक कंपन्यांकडे सोपवली. अशा विमानांत साधारणतः ५० ते ७६ आसने असतात. विमानावर मोठ्या कंपनीचे नाव व रंग असतात आणि तिकीटही तीच विकते. विमान चालवणारी कंपनी वेगळी असल्याचे अनेक प्रवाशांच्या लक्षातही येत नाही. बहुतेक करारांत भाडे व वेळापत्रक मोठी कंपनी ठरवते, इंधनाचा खर्चही तीच उचलते आणि प्रादेशिक कंपनीला उड्डाणांमागे ठरावीक मोबदला देते. कराराची मुदत संपल्यावर तेच काम अधिक स्वस्तात करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकते. अशा स्पर्धेत प्रादेशिक कंपनीला काटकसर करता येईल असा सर्वांत मोठा खर्च कर्मचाऱ्यांचा असतो.

वेतनाची रचना

वैमानिक व केबिन कर्मचाऱ्यांना वेतन तासावर मिळते. परंतु हे तास कामाचे नसून विमान प्रस्थानद्वारापासून हलल्यापासून ते आगमनद्वारी थांबेपर्यंतचे असतात. विमानाची तपासणी, प्रवाशांना आत घेणे, दोन उड्डाणांमधील प्रतीक्षा हा वेळ पारंपरिकरीत्या त्यात धरला जात नाही. त्यामुळे तासाचा दर ऐकताना बरा वाटला तरी वार्षिक रक्कम फसवी ठरते. तासाला २२ डॉलर आणि महिन्याला ७५ तासांची हमी धरल्यास वर्षाचे वेतन १९,८०० डॉलर होते. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१४ मधील अहवालानुसार प्रादेशिक कंपन्यांतील नव्या सहवैमानिकाचे सरासरी प्रारंभिक वेतन सुमारे २२,४०० डॉलर होते. प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज अनेकदा याच्या कित्येक पट असे.

तरीही उमेदवार मिळत राहिले, कारण या नोकरीकडे मोठ्या कंपनीत जाण्याची पायरी म्हणून पाहिले जाई. ज्येष्ठतेची पद्धतही कंपन्यांच्या पथ्यावर पडली. ज्येष्ठता कंपनीपुरतीच असल्याने नोकरी बदलणारा अनुभवी वैमानिकही नव्या कंपनीच्या यादीत तळाशी जातो.

२००९ चा अपघात

१२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचे नूअर्कहून बफेलोकडे निघालेले उड्डाण ३४०७ क्लॅरेन्स सेंटर येथे एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि जमिनीवरील एक अशा ५० जणांचा मृत्यू झाला. २४ वर्षीय सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानाने प्रवास करून नूअर्कला पोहोचली होती. चौकशीतील सुनावणीत तिचे वेतन सुमारे १६,००० डॉलर असल्याचे सांगण्यात आले. कंपनीने नंतर हा आकडा २३,९०० डॉलर असल्याचा खुलासा केला. दोहोंपैकी कोणताही आकडा धरला तरी नूअर्क परिसरात घर भाड्याने घेणे तिला कठीणच होते.

राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने अपघाताचे कारण म्हणून वेतनाचा उल्लेख केला नाही. विमानाचा वेग घातक पातळीपर्यंत घटल्याचा इशारा मिळाल्यावर कप्तानाने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे मुख्य कारण ठरवण्यात आले. थकव्यामुळे दोघांच्या कार्यक्षमतेवर परिणाम झाला असावा, पण त्याचे नेमके प्रमाण सांगता येत नाही, असे मंडळाने नमूद केले. अल्प वेतनामुळेच अपघात झाला, हे प्रचलित विधान म्हणूनच अचूक नाही.

नंतरचे बदल

मृतांच्या कुटुंबीयांच्या पाठपुराव्यानंतर २०१० मध्ये काँग्रेसने नवा कायदा केला. त्यानुसार २०१३ पासून सहवैमानिकालाही सामान्यतः १,५०० तासांचा उड्डाण अनुभव आवश्यक ठरला; पूर्वी २५० तासांचा व्यावसायिक परवाना पुरेसा होता. सैनिकी वैमानिक व विमानविद्येचे पदवीधर यांना काही सवलत आहे. विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ मध्ये लागू झाले. कायद्यात वेतनाविषयी कोणतीही तरतूद नव्हती. पण नोकरीपूर्वीचा अनुभव मिळवणे महाग झाले आणि पात्र उमेदवार घटले. फेब्रुवारी २०१६ मध्ये रिपब्लिक एअरवेजने दिवाळखोरीचा अर्ज करताना वैमानिकांच्या तुटवड्याचा उल्लेख केला. कोविड काळातील स्वेच्छानिवृत्तींनी हा तुटवडा वाढवला. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलर केला. त्यातील काही वाढ सुरुवातीला तात्पुरती होती.

केबिन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत असा तुटवडा निर्माण झाला नाही. त्यांचे प्रशिक्षण काही आठवड्यांचे असते आणि अर्जदार भरपूर असतात. विमानवाहतुकीला १९३६ पासून लागू असलेल्या रेल्वे कामगार कायद्यानुसार मध्यस्थीची दीर्घ प्रक्रिया संपल्याखेरीज वेतनकरारासाठी संप करता येत नाही. जून २०२२ मध्ये डेल्टा या मोठ्या कंपनीने प्रवासी आत घेण्याच्या वेळेसाठी निम्म्या दराने वेतन सुरू केले. तोपर्यंत प्रवाशांचे स्वागत करणारा, त्यांचे सामान लावून देणारा आणि आसनपट्टे तपासणारा कर्मचारी त्या वेळेपुरता विनावेतनच काम करत असे.