हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन : संशोधन-प्रकाशनाच्या नीतीचा एक जुना दाखला

वैद्यकीय संशोधन छापण्यापूर्वी आजचे संपादक लेखकाला काही प्रश्न विचारतात. पैसा कोणी दिला, निष्कर्षात कोणाचे हित गुंतले आहे, मूळ नोंदी कोणाला पाहता येतील? १९७८ साली व्हँकुव्हर येथे जमलेल्या संपादकांनी प्रथम केवळ हस्तलिखिताचे नियम ठरवले. नीतीची कलमे त्यात पुढे हळूहळू आली. त्याच्या नव्वद वर्षे आधी हेच प्रश्न हैदराबादेत निराळ्या रूपात उभे राहिले होते.

क्लोरोफॉर्मचा शस्त्रक्रियेतील वापर १८४७ साली एडिंबरोत सुरू झाला आणि दोनच महिन्यांत, जानेवारी १८४८ मध्ये, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी भुलेखाली दगावली. असे मृत्यू श्वास थांबल्याने होतात की हृदय बंद पडल्याने, हा वाद पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालला. वाद पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने छातीकडे पाहायचे की नाडीवर बोट ठेवायचे, हे त्यावर ठरत होते.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या पक्षाचे कट्टर समर्थक होते. श्वासावर लक्ष ठेवले तर नाडी पाहण्याचे कारणच नाही, असे ते शिकवीत आणि आपल्या हातून हजारो रुग्णांत एकही मृत्यू झाला नाही, असे सांगत. (१८४६ पासून उर्दूतून शिकवणाऱ्या हैदराबाद मेडिकल स्कूलचे माध्यम त्यांच्याच काळात इंग्रजी झाले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) त्यांच्या प्रेरणेने १८८८ साली पहिले कमिशन नेमले गेले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या मताप्रमाणे निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने तो मान्य केला नाही.

तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने ‘लॅन्सेट’लाच एक हजार पौंड देऊ केले : तुमचा माणूस पाठवा, प्रयोग पुन्हा करू. त्याप्रमाणे १८८९ साली लॉडर ब्रन्टन हैदराबादला आले. येताना त्यांचे मत हृदयाच्या बाजूचे होते. दुसऱ्या कमिशनने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले आणि ब्रन्टन यांचे मत पालटले. सविस्तर अहवाल छापण्याआधीच, डिसेंबर १८८९ मध्ये, निष्कर्षाची तार ‘लॅन्सेट’मध्ये झळकली : धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, थेट हृदयाला नाही. अहवाल १८९०च्या अंकांतून आला आणि १८९१ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया छापखान्यातून ग्रंथरूपाने निघाला.

आपल्याकडे या कमिशनचा उल्लेख अभिमानाने होतो. अभिमान असावा, पण निष्कर्षाचा नव्हे, कारण निष्कर्ष चुकीचा होता. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल व शोर यांनी क्लोरोफॉर्म हृदयावर थेट परिणाम करतो असे दाखवले. त्याच वर्षी खुद्द ‘लॅन्सेट’ने रुग्णालयांतील प्रत्यक्ष नोंदींवर आधारलेला निराळा अहवाल छापला. अखेर १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून कारण उलगडले. गुंगी हलकी असताना हृदयाचे कप्पे एकाएकी नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण थांबते. हैदराबादचे प्राणी मुख्यतः जादा मात्रेने मारले गेले होते, आणि तशा मरणात श्वास आधी थांबतो. म्हणजे प्रयोग खरे होते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत होते.

मग अभिमान कशाचा? पैसा कोणाचा, हे कोणापासून लपवले गेले नाही. निजाम सरकारने विरोधी मताच्या परीक्षकाला खर्च देऊन बोलावले. रक्तदाबाचे आलेख छायाचित्रांसह जपले व छापले, म्हणून विरोधकांना ते तपासून खोडता आले. याच ‘लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी कोविडच्या उपचारावर एक निबंध छापला. त्याची मूळ माहिती ‘सर्जिस्फिअर’ या कंपनीने स्वतंत्र तपासनीसांना दिली नाही आणि ४ जून रोजी निबंध मागे घ्यावा लागला. त्याच नियतकालिकातील वेकफील्ड यांचा १९९८चा लसीसंबंधीचा निबंध रद्द व्हायला २०१० साल उजाडले. त्यांना वकिलांकडून मिळालेला पैसा निबंधात सांगितला नव्हता.

हैदराबादेत दोष होता तो वेगळ्या जागी. ज्यांचे मत तपासायचे ते लॉरीच दुसऱ्या कमिशनचे अध्यक्ष होते. आज कोणताही संपादक हे चालवून घेणार नाही. तारेची घाईही तितकीच अनुचित. प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसाला लागू होतो का, हे ठरण्यापूर्वीच नाडी न पाहण्याची शिकवण अधिकृत वाटू लागली. त्या शिकवणीपायी किती जीव गेले, याचा हिशेब कमिशनच्या ग्रंथात नाही, कारण तो मागण्याची रीतच तेव्हा नव्हती. लॉरींनी आपले मत सोडले नाही. १९०१ साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या क्लोरोफॉर्मवरील पुस्तकातही त्यांनी तेच मांडले. अफझलगंजचे ते रुग्णालय १९०८च्या मुसी नदीच्या पुरात वाहून गेले.