हँडलची थरथर आणि तिचं मूळ

चालत्या मोटारसायकलचं हँडल अचानक थरथरू लागतं, हा अनुभव तुम्ही कधी घेतला आहे का? ज्यांनी घेतला ते तो विसरले नसतील. मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. १९८० च्या दशकाची अखेर असेल. एका मित्राची जुनी मोटारसायकल घेऊन आम्ही दोघं देहूरोडकडून निगडीला येत होतो. गाडी मी चालवत होतो. मागे मित्र आणि त्याच्याही मागे कॅरिअरला बांधलेलं ज्वारीचं पोतं. उतारावर वेग वाढला. रुमाल काढायला मी एक हात सोडला आणि हँडल डावी-उजवीकडे झटके मारू लागलं. जितकं घट्ट धरावं तितकं ते जास्त उसळायचं. शेवटी गाडी कडेच्या मुरमात जाऊन आडवी झाली. माझं कोपर सोलवटण्यावर निभावलं. मित्राच्या गुडघ्याचं हाड मोडलं. आजही जिना चढताना तो कठड्याला धरतो.

गाडी आम्ही भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकना सगळे चाचा म्हणत. मी म्हटलं, "चाचा, बुलेटला हँडलवर तो गोल नॉब असतो ना, तसा याला बसवून द्या. हँडल हलणारच नाही." चाचांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि शॉकअपचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे ओढले. टक् असा आवाज आला. "ऐकलंस? कोनसेट गेलाय. आता मागे ये." मागचं चाक आडवं हलवलं, तर चिमट्याचे बुशही झिजलेले. चाचा म्हणाले, "बेटा, गाडी का हलते ते आधी बघ. मग तिला धरायचं ठरव."

ते वाक्य तेव्हा मला नुसतं गॅरेजमधलं वाटलं होतं. पुढे या विषयावर वाचत गेलो, तेव्हा त्यामागे मोठा इतिहास असल्याचं लक्षात आलं.

मी मागत होतो त्या नॉबचं नाव स्टिअरिंग डॅम्पर. आमच्या चाकण पट्ट्यात डंपर म्हटलं की खडी वाहणारा ट्रक डोळ्यांपुढे येतो. हा डॅम्पर वेगळा. हँडलची हालचाल थोडी जड करणारं हे साधन. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींना ते सर्रास असे. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटचा कारखाना सुरू झाला, त्या काळच्या गाड्यांमुळे आपल्याकडेही ते माहीत झालं. रचना अगदी सोपी. नॉब पिळला की खालच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जात आणि घर्षणाने हँडल जड होई. साइडकार जोडलेल्या गाडीला त्याचा फार उपयोग. पण त्यात एक खोट होती. हे घर्षण वेळकाळ ओळखत नसे. खड्ड्याच्या झटक्याला जेवढा विरोध, तेवढाच बाजारपेठेतून हळू वळतानाही. पुढे टायर सुधारले, चेसिस मजबूत झाल्या, टेलिस्कोपिक शॉकअप आले आणि बहुतेक गाड्यांवरून तो नॉब नाहीसा झाला.

आमच्या पिंपरी-चिंचवडने मात्र दुचाकीचा धडा गिरवला तो स्कूटरवर. १९६० नंतर आकुर्डीत बजाज स्कूटरचं उत्पादन वाढत गेलं. पिआजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. चेतकचं इंजिन जेमतेम १४५ सीसीचं, ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. चाकं लहान, इंजिन उजव्या अंगाला. तरी नवरा-बायको, दोन मुलं आणि पायाशी भाजीची पिशवी एवढा संसार तिने वाहिला. हँडल डगमगलं तरी वेग बेताचा असल्याने सावरायला वेळ मिळे.

मग काळ बदलला. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला. २००१ मध्ये पल्सर आली आणि तरुणांच्या मनातली स्कूटर मागे पडली. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भागीदारी घेतली. चाकणहून २०१२ मध्ये ड्यूक २०० आणि २०१३ मध्ये ड्यूक ३९० बाहेर पडली. या ३९० चं इंजिन ३७३ सीसीचं आणि ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती. चेतकच्या जवळजवळ सहापट! एका पिढीत एवढा फरक पडला. अशा गाड्यांसाठी आज बाजारात वेगळे स्टिअरिंग डॅम्पर मिळतात आणि हौशी मुलं ते बसवून घेतात. पन्नास वर्षांपूर्वीचा नॉब तेलाच्या नळकांड्याचं रूप घेऊन परत आला आहे.

या नव्या डॅम्परमध्ये दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला बारीक छिद्रातून जावं लागतं. हँडल सावकाश वळवलं तर तेल निमूटपणे वाट देतं. झटका बसला तर अडवतं. जुन्या नॉबची खोट इथे बरीचशी दूर झाली. होंडाने २००४ च्या सीबीआर १००० आरआरवर तर वेगानुसार आपोआप कमी-जास्त होणारा इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला.

पण मुळात हँडल थरथरतं का? हॉस्पिटलमधल्या ढकलगाडीचं पुढचं चाक आठवा. ढकलताना ते कधी कधी फडफडू लागतं. मोटारसायकलचं पुढचं चाकही हँडलच्या कण्यामागे थोडं ओढलं जातं, म्हणून एरवी ते आपोआप सरळ राहतं. पण धक्का बसल्यावर सरळ होताना ते पलीकडे जातं, पुन्हा अलीकडे येतं. टायर, बेअरिंग आणि चेसिस ठीक असतील तर हे हेलकावे विरतात. नसतील तर वाढत जातात. दोन चाकांच्या वाहनाचं गणित इंग्लंडच्या व्हिपल यांनी १८९९ मध्येच सायकलसाठी मांडलं होतं. १९७१ मध्ये आर. एस. शार्प या ब्रिटिश अभियंत्याने ते मोटारसायकलसाठी केलं. गाडी दोन प्रकारांनी हेलकावते, हे त्यात स्पष्ट झालं. एक हँडलची जलद थरथर, सेकंदाला साधारण सहा ते दहा हेलकाव्यांची. हिला वॉबल म्हणतात. दुसरं सगळ्या गाडीचं सापासारखं डुलणं, सेकंदाला दोन ते चार हेलकाव्यांचं आणि जास्त वेगात होणारं, ते वीव्ह. शार्प यांच्या गणितातून निघालेली महत्त्वाची गोष्ट अशी, की डॅम्पर थरथर शमवतो. पण जास्त वेगात तोच डॅम्पर डुलणं वाढवू शकतो. म्हणजे घट्ट डॅम्पर म्हणजे जास्त सुरक्षितता, हे समीकरण खोटं.

याचं उदाहरण १९९७ च्या सुझुकी टीएल १००० एस या गाडीचं. हँडल जोराने झटके मारतं, अशा तक्रारी आल्या. ब्रिटनमध्ये कंपनीने गाड्या परत बोलावून त्यांना स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिले. त्याने हँडल शांत झालं. तरी अनेक चालकांचं बोट मागच्या सस्पेन्शनकडेच होतं. दुखणं मागे आणि लेप पुढे, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे डॅम्पर वाईट का? मुळीच नाही. निकोप, वेगवान गाडीला तो अचानक बसणाऱ्या झटक्यातून वाचवू शकतो. पण आजारी गाडीवर तो वेदनाशामक गोळीचं काम करतो. कोनसेट ढिला झाल्याची, बुश झिजल्याची, टायर उतरल्याची वर्दी हँडल आपल्याला देत असतं. डॅम्परने ती वर्दीच बंद केली, तर बिघाड वाढत राहतो आणि आपल्याला कळतच नाही.

म्हणून ज्यांना डॅम्पर बसवायचाच आहे त्यांनी आधी चाचांची तपासणी करावी. पुढचं चाक उचलून कोनसेट बघावा, मागचं चाक आडवं हलवून बुश बघावेत. टायरची झीज आणि हवा तपासावी. रिम आउट नाही ना आणि मागे ओझं जास्त नाही ना, हेही पाहावं. मग डॅम्पर बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पुरतं वळतं का, केबल ताणली जात नाही ना, ते पाहावं. सुरुवात सर्वांत हलक्या सेटिंगने करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. तेव्हा आरटीओकडे आधी विचारून घेणं बरं. आणि कधी चालत्या गाडीचं हँडल थरथरलंच, तर त्याच्याशी झुंजू नये, पुढचा ब्रेक दाबू नये. गुडघ्यांनी टाकी आवळावी, थोडं पुढे झुकावं आणि वेग हळूहळू कमी होऊ द्यावा. मी त्या दिवशी नेमकं याच्या उलट केलं होतं.

चाकणच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटते तेव्हा नाशिक रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागते. त्यातल्या कितीतरी चालवणाऱ्यांनी दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नटबोल्ट मोजून आवळलेले असतात. स्वतःच्या गाडीचा कोनसेट मात्र महिनोन्महिने बघायचा राहून जातो. त्या तपासणीला दहा मिनिटं लागतात. आमची दहा मिनिटं राहून गेली, त्याची किंमत माझा मित्र अजून जिन्याच्या पायऱ्यांवर मोजतो आहे.