हत्तीभोवतीची अर्धी अक्षरं

ब्रह्मपुरी तालुका चंद्रपूर जिल्ह्यात, आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. 1982 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता आणि जुन्या कागदांत त्याचं नाव चांदा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मपुरीच्या बाजूला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणकशास्त्रात तो ‘चांदा साठा’ म्हणून ओळखला जातो.

ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबं, शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाची. एका अंगाला सोंड वर केलेला हत्ती आणि त्याच्याभोवती ब्राह्मी लिपीत राजाचं प्राकृत नाव. दुसऱ्या अंगाला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. सोन्याचांदीचा पत्ता नाही. ही बाजारहाटाची चिल्लर.

अडचण नाव वाचण्यात होती. ठसा मोठा, चकती लहान. घाव थोडा इकडे-तिकडे बसला की लेखाचा एखादाच तुकडा नाण्यावर उमटे आणि उरलेली अक्षरं चकतीबाहेर जात. एका नाण्यावर ‘सातकणि’ दिसे, पण कोणता सातकर्णी ते सांगणारी अक्षरं गायब. हा किताब तर त्या घराण्यात अनेकांनी लावलेला.

यावर तोडगा त्याच बेफिकीर घावांतून निघाला. दर वेळी घाव वेगळ्या जागी पडल्यामुळे प्रत्येक नाण्यावर लेखाचा निराळा भाग आलेला असतो. असे तुकडे शेजारी मांडून पूर्ण नाव जुळवता येतं. मात्र त्याआधी ठसा एकच आहे का, हे पाहावं लागतं. सोंडेच्या टोकावर कोणतं अक्षर येतं, पायांपासून लेख किती दूर आहे, ठशाला गेलेली चीर दोन्ही नाण्यांवर त्याच जागी आहे का? हे जुळलं तर ठसा एक, फक्त घाव सरकलेला. अंतरंच बदलली, तर कारागिराने नवा ठसा कोरलेला.

चांद्याची नाणी संशोधक हर्नले यांनी 1893 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडली. नाणकशास्त्रज्ञ रॅप्सन यांनी 1908 च्या ब्रिटिश म्युझियमच्या नाणेसूचीत त्यांना जागा दिली. पुळुमावी, यज्ञ, रुद्र यांच्या जोडीला त्यांनी एक ‘कृष्ण’ सातकर्णीही नोंदवला. 1939 मध्ये तऱ्हाळ्याला, आजच्या वाशिम जिल्ह्यात, सोळाशेच्या आसपास नाणी मिळाली आणि नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांच्यासमोर तुलनेला भरपूर माल आला. त्यांनी कुंभ, कर्ण आणि शक हे तीन सातकर्णी पुढे आणले. पुराणांच्या राजावळीत त्यांचा उल्लेखही नव्हता. चांद्याचा ‘कृष्ण’ही खरा हाच कर्ण, असं त्यांनी दाखवलं.

म्हणून अशा नाण्यांत मोल सुट्या नाण्याला नसतं, ते ढिगाला असतं. 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. पण पोटीनची काळवंडलेली चकती कुणाला ठेवा वाटणार? नांगराच्या फाळाला लागलेली नाणी भंगारात जातात, नाहीतर संग्राहकांत वाटली जातात. तसं झालं की नाव जुळवायला लागणारे तुकडे पांगतात, आणि एखादा राजा अर्ध्या नावावरच अडतो.