केशरी कार्ड

१९९९ साली काढलेलं आमचं रेशनकार्ड पुढे बऱ्याच कामांना आलं. माझ्या पासपोर्टला त्याची झेरॉक्स लावली, गॅसच्या नंबरासाठी लावली, धाकट्याच्या कॉलेजच्या फॉर्मलाही लावली. फक्त एका कामाला ते आलं नाही. त्यावर रेशन मिळालं नाही.

कार्ड केशरी रंगाचं होतं. त्याआधी आमच्याकडे जे जुनं कार्ड होतं, त्याच्या रंगाशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. चाळीत सगळ्यांकडे तसंच कार्ड. तांदूळ, गहू, साखर, पामतेल, रॉकेल. दिवाळीला थोडी जास्त साखर आली की आईची बेसनाच्या लाडवांची गणितं सुरू व्हायची. रेशनचा तांदूळ निवडताना आजी खड्यांचा वेगळा ढीग करायची आणि "आज दोन तोळे निघाले" म्हणून हसायची. नावं सगळेच ठेवायचे, पण रांगेतही सगळेच असायचे.

ही रांग मुंबईत १९४३ पासूनची. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईच्या पोटात हा तांदूळ मोठ्या प्रमाणात जात असे. गिरण्या आणि गोद्या चालू ठेवायच्या तर कामगारांना खायला घालणं भाग होतं, म्हणून इंग्रज सरकारने शहरात रेशनिंग आणलं. म्हणजे ते धर्मादाय म्हणून सुरू झालंच नव्हतं. काम करणाऱ्या माणसाला परवडेल असं धान्य मिळावं, नाहीतर शहर चालणार नाही, असा सरळ हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणं उठली, पुन्हा आली, १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झालं, पण रेशनचं दुकान ही गोष्ट मुंबईकराच्या आयुष्यात पक्की बसली.

आणि त्या दुकानात काही आलं नाही तर बायका गप्प बसायच्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीच्या मोर्च्यांत हजारो बायका लाटणी घेऊन उतरल्या. आमची आजीही एका मोर्च्याला गेली होती. तिचं लाटणं त्यात हरवलं आणि नवीन घ्यावं लागलं, ही गोष्ट तिने आम्हाला निदान पन्नासदा सांगितली असेल. त्या मोर्च्यात गिरणीवाल्याची बायको होती आणि बँकेतल्या कारकुनाचीही होती. दोघींचं कार्ड एकच होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

जून १९९७ मध्ये केंद्र सरकारने 'लक्ष्यनिर्धारित' वितरण व्यवस्था आणली. सांगितलेलं कारण ऐकायला रास्त होतं. श्रीमंतांना स्वस्त साखर कशाला? सबसिडीचा बोजा वाढतोय, धान्य काळ्या बाजारात जातंय, तेव्हा जे खरे गरीब त्यांनाच द्या. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, आणि त्याच्या वर पांढरं. घरात फोन असेल तर पिवळं नाही.

१५,००० म्हणजे किती? रोज ५० रुपये मिळवणारा माणूस वर्षात ३०० दिवस कामावर गेला की बरोबर १५,००० होतात. ३०१ व्या दिवशी कामाला गेला की तो गरीब राहत नाही. किंवा त्याने खाडा करू नये म्हणून बायकोने चार घरची भांडी घासली, तरी तो गरीब राहत नाही. मुंबईत ही रेषा इतकी खाली होती की सुरुवातीला धारावीसारख्या वस्तीत जेमतेम दीडशे कुटुंबं तिच्याखाली भरली, असं अर्थतज्ज्ञ मधुरा स्वामिनाथन यांनी नोंदवलंय. धारावीत!

आमचे बाबा १९८२ च्या संपानंतर गिरणीत परत गेलेच नाहीत. एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. ९९ साली त्यांना महिना १,७०० मिळायचे आणि आई साड्यांना फॉल-बिडिंग करून तीनेकशे मिळवायची. वर्षाचे २४,०००, खाणारी तोंडं पाच. माणशी दिवसाला तेरा रुपये. फॉर्म भरायला बसले तेव्हा खालच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "अहो, चौदा हजार लिहा, सगळे लिहितायत." बाबांनी नाही लिहिलं. "कमावतो ते लिहितो. कमी कशाला सांगू?" आई काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

केशरी कार्ड आलं. आणि मग २००० च्या अर्थसंकल्पानंतर केशरीवाल्यांसाठी धान्याचे भाव असे चढले की रेशन आणि वाणी यांत फारसा फरक राहिला नाही. धान्य विकत घेणं, साठवणं, वाहून आणणं याला सरकारला जो खर्च येतो, तो सगळा दारिद्र्यरेषेवरच्यांकडून वसूल करायचा असं ठरलं होतं. दुकानदारही "केशरीचं आलं नाही" म्हणू लागला. कुणी कार्ड काढून घेतलं नाही. कपात झाली असं कुणी सांगितलंही नाही. पिशवी तेवढी रिकामी यायला लागली.

गंमत (खरं तर गंमत नाही) अशी की लोकांनी उचलणं बंद केल्यावर धान्य गोदामांत साठत गेलं. २००२ च्या जुलैत ते ६ कोटी टनांच्या पुढे गेलं होतं. साठवायचा खर्च वाढला. मग सरकारने गहू निर्यातीला काढला, तोही साधारण पिवळ्या कार्डाच्या भावाने. म्हणजे बाबांना जो भाव नाकारला, तो परदेशातल्या गिऱ्हाइकाला चालला.

याविरुद्ध लाटणी का निघाली नाहीत? मला वाटतं, याचं उत्तर रंगांत आहे. पांढऱ्याला गरज उरली नव्हती. पिवळ्याला होतं तेही जाईल अशी भीती होती. केशरीला वाटायचं की शेजाऱ्याने खोटं लिहून पिवळं मिळवलं, म्हणून आपलं गेलं. चाळीतल्या बायका सरकारवर चिडायच्या ऐवजी एकमेकींच्या कार्डाकडे बघू लागल्या. तमिळनाडूने रेशन सगळ्यांसाठी चालू ठेवलं, आणि तिथे कुठल्याही पक्षाला ते बंद करायची हिंमत झाली नाही. जे सगळ्यांचं असतं त्यासाठी सगळे भांडतात, एवढं साधं आहे ते.

पुढे २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा आला आणि केशरीतल्या पुष्कळ कुटुंबांना धान्य परत मिळू लागलं. शहरासाठी उत्पन्नाची मर्यादा ५९,००० ठरली. तोवर आम्ही दोघं भाऊ नोकरीला लागलो होतो. आमचा प्रश्नच मिटला होता.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये राज्य सरकारने त्या कायद्यात न बसणाऱ्या केशरी कार्डांनाही मे-जूनसाठी धान्य दिलं. माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी, २ किलो तांदूळ १२ रुपयांनी. धाकट्याने फोनवर आईला बातमी सांगितली. आई म्हणाली, "आपल्याला नको, गरजवंताला जाऊ दे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही दोघं शाळेत होतात ना, तेव्हा द्यायला हवं होतं."

बाबा बाजूलाच होते म्हणे. ते काही बोलले नाहीत.