शिवाजी पार्कचा ब्लॉक

शुक्रवार, 4 ऑगस्ट 1939. जालना स्टेशनात निजाम स्टेट रेल्वेची मीटरगेज गाडी उभी आहे, चढा. मनमाडला गाडीही बदलायची आहे आणि पैसेही. सात हाली, म्हणजे निजामी, रुपयांचे सहा ब्रिटिश कलदार हातात पडतात. मुंबई दिसायच्या आधीच एक रुपया कमी झाल्यासारखं वाटतं.

शनिवारी बोरीबंदरला उतरून विजेच्या लोकलने तुम्ही दादरला येता. रानडे रोडवर पाऊस समुद्राकडून आडवा येतो, छत्रीला जुमानत नाही. समोर शिवाजी पार्क. 1925 साली हे मैदान खुलं झालं तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते बदललं. भोवती नव्या कोऱ्या इमारती, कोपऱ्यावर गोलावलेल्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, बाल्कन्यांना बोटीसारखे कठडे. या शैलीला आर्ट डेको म्हणायची रीत 1960च्या दशकात पडेल. आत्ता लोक नुसतं ‘सिमेंटची बिल्डिंग’ म्हणतात.

दुसऱ्या मजल्यावर मावसभावाचा ब्लॉक आहे. दादा दादरच्याच रणजित स्टुडिओत कारकून आहेत, वहिनी शाळेत शिकवतात. तुम्ही सवयीने ओसरी शोधता. ओसरी नाही. चौक नाही, तुळशीवृंदावन नाही. तुळस आहे, बाल्कनीत, डब्यात. पायांखाली गार मोझेक लादी, पिवळ्यात लाल पट्टी. न्हाणीघर घरात, आणि त्याला लागून संडासही घरातच! जालन्याच्या वाड्यात तो पार मागच्या भिंतीला. साखळी ओढली की पाण्याचा केवढा आवाज होतो. तुम्ही दचकता आणि बाहेर येऊन काहीच झालं नाही असा चेहरा करता.

रविवारी संध्याकाळी मंडळी जमतात: एक पेटीवाले, एक पडदे रंगवणारे, एक नर्स, जी एकटी राहते. तिला कुणी त्याचं कारण विचारत नाही. वहिनी पुरुषांच्या बरोबरीने खुर्चीवर बसून चहा घेतात. चहाच, कारण याच मंगळवारपासून, 1 तारखेपासून, शहरात दारूबंदी लागू झाली आहे आणि पडदेवाले खेर मंत्रिमंडळावर मनापासून चिडले आहेत. वाद मात्र रंगतो तो गेल्या वर्षीच्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटावर. मीनाक्षी शिरोडकरांनी पडद्यावर पोहण्याचा पोशाख घातला, त्यात वाईट काय, असं नर्स विचारते. तुम्ही बशीत बघत राहता. टीपॉयवर र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चा अंक उघडा पडला आहे. संततिनियमनावर लिहिणारं मासिक, आणि पाहुणा आला म्हणून कुणी ते उशीखाली सारलेलं नाही.

रात्री सगळे गेले की दादा दार ओढतात. खट्. लॅच लागलं. तुमच्या वाड्यात दार दिवसभर सताड उघडं, आणि आत येणाऱ्याला आधी प्रश्न: कुणाचा रे तू? इथे समोरच्या ब्लॉकात कोण राहतं, ते दादांनाही नीट ठाऊक नाही. तुम्हाला ते आधी माणूसघाणं वाटतं. मग बाल्कनीत उभं राहून भिजलेलं मैदान बघताना लक्षात येतं की दोन दिवसांत तुम्हाला एकदाही कुणी आडनाव विचारलेलं नाही.

बरोबर चार आठवड्यांनी, 3 सप्टेंबरच्या रविवारी, ब्रिटन युद्धात उतरेल.

परतताना ‘समाजस्वास्थ्य’ ट्रंकेत तळाशी, धोतरांखाली ठेवा. निजामाच्या हद्दीत करोडगिरीवाले ट्रंका उघडतात. त्यांना जकातीशी मतलब असतो, पण घरी ट्रंक आई उघडणार आहे.

आज मीटरगेज गेली, मनमाडची बदलीही गेली. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींना 2018 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. शिवाजी पार्कच्या इमारती त्या यादीत नाहीत आणि पुनर्विकासात एकेक पडते आहे. जालन्यावरून येणारी वंदे भारत दादरला थांबते. त्या इमारती बघायच्या असतील तर लवकर निघा.